एकच व्ह्यू, ऑर्डर नंबरने ३ मिलीसेकंद आणि कस्टमर कोडने ४० सेकंद

आधी परिस्थिती सांगतो. पोस्टग्रेस १४ या डेटाबेसवर चालणारी ऑर्डर ट्रॅकिंगची सिस्टिम, साधारण ६० लाख ऑर्डरी, त्यांचे अडीच कोटी लाइन आयटम, स्टेटस बदलल्याच्या नोंदींचं एक टेबल ज्यात ४ कोटी रेकॉर्ड, आणि कस्टमर ८० हजार. या सगळ्यावर एक मोठा व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी), जो माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिला आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाने त्याला एक-एक लेफ्ट जॉइन (दुसरं टेबल जोडणं, जुळणी नसली तरी मूळ ओळ राहते) चिकटवला. व्ह्यू प्रत्येक ऑर्डरसाठी एक ओळ देतो, त्यात लाइन आयटमची बेरीज (आत ग्रुप बाय ऑर्डर नंबर, म्हणजे ऑर्डरनिहाय गट), शेवटचं स्टेटस (आत रो नंबर हे विंडो फंक्शन, म्हणजे प्रत्येक ऑर्डरच्या नोंदींना क्रमांक देणं, पार्टिशन बाय ऑर्डर नंबर, वेळेने उलट क्रम, त्यातला पहिला), कस्टमरचा कोड आणि नाव, आणि सात छोट्या मास्टर टेबलांमधली नावं. एकूण ११ टेबलं.

तक्रार आली ती कस्टमरच्या पानाबद्दल. पान उघडलं की त्या कस्टमरच्या शेवटच्या २० ऑर्डरी दिसायला हव्यात, त्याला ४० सेकंद लागत होते. आणि गंमत अशी की त्याच व्ह्यूवर ऑर्डर नंबर देऊन शोधलं तर ३ मिलीसेकंदात उत्तर. त्यामुळे टीममध्ये दोन तट पडले, एक म्हणे व्ह्यू वाईट आहे फेकून द्या, दुसरा म्हणे व्ह्यू मस्त चालतो, तुमच्या पानाचा कोड वाईट आहे. दोघंही अर्धे बरोबर होते, पण ते कळायला मला तीन दिवस लागले.

पहिली चूक माझीच. मी प्लॅन (डेटाबेस क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवणार ते) न बघताच इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची सूची) टाकायला निघालो. बघतो तर हवे ते बहुतेक इंडेक्स आधीपासून होते, ऑर्डर टेबलवर कस्टमर आयडीचा, लाइन टेबलवर ऑर्डर नंबरचा. मग गपचूप एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवलं (क्वेरी चालवून प्लॅन आणि वेळ दाखवणारी कमांड), बफर्सचा पर्याय लावून (बफर्सने किती डेटा मेमरीतून आणि किती डिस्कवरून आला ते दिसतं, तो नेहमी लावा, नाहीतर दुसऱ्यांदा चालवल्यावर डेटा मेमरीतून येतो, वेळ कमी दिसतो आणि आपल्याला वाटतं आपण काहीतरी सुधारलं). प्लॅनमध्ये दिसलं ते असं: लाइन टेबल पूर्ण वाचलं, अडीच कोटी रेकॉर्डचं हॅश अ‍ॅग्रिगेट केलं, म्हणजे मेमरीत गट पाडून बेरजा, ते मेमरीत मावलं नाही म्हणून डिस्कवर सांडलं, मग ४ कोटी नोंदी सॉर्ट केल्या, तेही डिस्कवर, त्यावर विंडो फंक्शन चालवलं, आणि एवढं सगळं झाल्यावर कस्टमरशी जॉइन करून ७५ ऑर्डरी ठेवल्या आणि बाकी ५९ लाख ९९ हजार कचऱ्यात. पाहुणे दोन आणि स्वयंपाक अख्ख्या गावाचा, असा प्रकार.

मग सुरू झाला स्विचेसचा खेळ, जो बहुतेक लोक खेळतात. सेशनमध्ये एनेबल सेकस्कॅन (पूर्ण टेबल वाचायची परवानगी) बंद केलं. प्लॅनरने (प्लॅन निवडणाऱ्या भागाने) मुकाट इंडेक्स वापरला, पण काय वापरला तर अख्खं लाइन टेबल इंडेक्सच्या क्रमाने वाचलं आणि त्यावर ग्रुप अ‍ॅग्रिगेट केलं, वेळ ४० वरून ७० सेकंद. हॅश जॉइन बंद केला, मर्ज जॉइन (टेबलं जोडायची दुसरी पद्धत) आला, फरक नगण्य. वर्क मेम (सॉर्ट आणि हॅशला मिळणारी मेमरी) ४ एमबीवरून २५६ केली, सांडणं थांबलं, २२ सेकंदांवर आलो आणि क्षणभर बरं वाटलं. रँडम पेज कॉस्ट (डिस्कवरचं कुठलंही पान उडी मारून वाचायचा धरलेला खर्च) मुळात ४ वरच होती, डिस्क एसएसडी आहे म्हणून १.१ केली, ती तशी करायलाच हवी होती पण या क्वेरीवर तिचा काही परिणाम नाही. पोस्टग्रेसमध्ये ओरॅकलसारखे हिंट (प्लॅनरला अमुकच वाट घे असं सांगणाऱ्या सूचना) मुळात नाहीतच, वेगळं एक्स्टेन्शन मिळतं, तेही लावू का असं विचारलं तेव्हा आमच्या डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) ताई म्हणाल्या, "अरे, तू रस्ते बंद करत सुटलायस, पण तुला हवा तो रस्ता नकाशावर आहे का ते बघितलंस का?"

ते वाक्य डोक्यात बसलं. हे स्विच काय करतात, तर एखाद्या प्रकारच्या पायरीला अवाढव्य खर्च लावतात, म्हणजे प्लॅनर बनवलेल्या पर्यायांमधून दुसरा निवडतो. पण पर्यायच बनला नसेल तर निवडणार काय? मला हवा होता तो प्लॅन सोपा होता, आधी कस्टमर शोध, त्याच्या ७५ ऑर्डरी काढ, प्रत्येकीसाठी लाइन टेबलात इंडेक्सने जाऊन बेरीज कर. हा पर्याय त्या व्ह्यूच्या रचनेत प्लॅनर तयारच करत नव्हता, त्यामुळे हिंट देऊनही तो मिळाला नसता.

आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. व्ह्यू म्हणजे साठवलेला डेटा नाही, साठवलेली क्वेरी. तुम्ही व्ह्यूवर सिलेक्ट टाकलं की व्ह्यूच्या जागी त्याची आतली क्वेरी सबक्वेरी म्हणून येते, आणि ती साधी असेल, म्हणजे नुसते जॉइन आणि व्हेअर, तर प्लॅनर ती उघडून बाहेरच्या क्वेरीत मिसळून टाकतो, मग व्ह्यू होता हे त्याच्या लक्षातही राहत नाही. पण आत ग्रुप बाय, डिस्टिंक्ट, विंडो फंक्शन किंवा लिमिट (इतक्याच ओळी द्या) असेल तर तो मिसळू शकत नाही, ती सबक्वेरी वेगळी खोली म्हणून राहते. तिच्या दारातून फक्त अटी आत जाऊ शकतात, आणि त्याही नियमाने: ग्रुप बायच्या कॉलमवरची अट आत जाते, विंडो फंक्शन असेल तर पार्टिशन बायच्या कॉलमवरची जाते, लिमिट असेल तर काहीच जात नाही.

म्हणून ऑर्डर नंबर दिल्यावर व्ह्यू पळत होता. ऑर्डर नंबर = ५०१२३ असं म्हटलं की प्लॅनर जॉइनच्या बरोबरीच्या चिन्हांवरून ओळखतो की बेरजेतला ऑर्डर नंबरही ५०१२३ आणि स्टेटसमधलाही ५०१२३, आणि तो आकडा दोन्ही खोल्यांत आत पाठवतो. दोन्हीकडे इंडेक्सने पाच-सात रेकॉर्ड वाचले, काम खलास. कस्टमर कोड दिल्यावर मात्र ऑर्डर नंबर कोणते हे क्वेरी चालल्याशिवाय कळत नाही, म्हणजे आत पाठवायला पक्का आकडाच नाही, आणि चालता चालता बाहेरच्या ओळीतून मिळणारी किंमत ग्रुप बायवाल्या सबक्वेरीत आपणहून आत नेणं हे पोस्टग्रेसचा प्लॅनर करत नाही. तेव्हा "तोच व्ह्यू तर आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही, कुठल्या कॉलमवर अट आली त्यावरून आतलं काम साफ बदलतं.

आपणहून करत नाही, पण सांगितलं तर करतो, आणि सांगायची पद्धत म्हणजे लॅटरल, बाहेरच्या ओळीतली किंमत आत वापरू देणारी सबक्वेरी. व्ह्यू नव्याने लिहिला: ऑर्डर टेबल, त्याला जॉइन लॅटरल करून "या ऑर्डरच्या लाइनची बेरीज" (आत व्हेअरमध्ये सरळ बाहेरचा ऑर्डर नंबर, ग्रुप बाय नाही), आणि लेफ्ट जॉइन लॅटरल करून "या ऑर्डरची शेवटची एक नोंद" (वेळेने उलट क्रम, लिमिट १). दुसऱ्यासाठी स्टेटस टेबलवर ऑर्डर नंबर आणि वेळ असा दोन कॉलमचा इंडेक्स हवा होता, इथे तो एकच काय तो नवीन टाकावा लागला, क्रिएट इंडेक्स कॉन्करन्टली वापरून, म्हणजे लिहिणारे अडकत नाहीत. व्ह्यू बदलताना आणखी एक कटकट, क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यूमध्ये जुन्या कॉलमची नावं, क्रम, टाइप तेच ठेवावे लागतात, नवीन कॉलम फक्त शेवटी चालतात.

चालवलं, काही कस्टमरसाठी १५ मिलीसेकंद. मी चहा प्यायला उठणार तेवढ्यात म्हटलं जुना आणि नवा व्ह्यू एकमेकांतून वजा करून बघू, एक्सेप्ट दोन्ही बाजूंनी. जुन्यातून नवा वजा केला तर शून्य, नव्यातून जुना वजा केला तर काही हजार ओळी! म्हणजे नवा व्ह्यू जास्त ऑर्डरी देत होता. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की जुन्यात बेरजेशी साधा इनर जॉइन होता, एकही लाइन नसलेली ऑर्डर ग्रुप बायमध्ये येतच नाही म्हणून गळायची. पण ग्रुप बाय नसलेली बेरीज नेहमी एक ओळ देतेच, काही नसेल तर नल (किंमतच नाही) देते, त्यामुळे रिकाम्या ऑर्डरी परत जिवंत झाल्या. "बेरीज नल नसावी" अशी अट टाकावी म्हटलं, तर तेही चूक, लाइन आहे पण रक्कमच नल अशाही ऑर्डरी होत्या, शेवटी काउंट शून्यापेक्षा जास्त अशी अट टाकली. हे वजाबाकीचं काम केलं नसतं तर महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्यांनी मला शोधत येऊन विचारलं असतं.

तर "काही कस्टमरसाठी" १५ मिलीसेकंद असं मी म्हटलं. बाकीच्यांसाठी? जुन्या, वर्षभर ऑर्डर न दिलेल्या कस्टमरसाठी १२ सेकंद. तीच क्वेरी, तोच प्लॅन, फक्त कोड वेगळा.

प्लॅन बघितला तर प्लॅनर कस्टमरपासून सुरूच करत नव्हता. तो ऑर्डर तारखेच्या इंडेक्सवर मागून पुढे चालत होता, प्रत्येक ऑर्डर आपल्या कस्टमरची आहे का बघत होता, आणि २० सापडल्या की थांबत होता. चालू कस्टमरच्या २० ऑर्डरी लवकर सापडतात, जुन्याच्या शोधायला टेबलचा मोठा भाग तुडवावा लागतो. लिमिट आणि ऑर्डर बाय एकत्र आले की ही घसरण होऊ शकते, पण तिच्यामागे बहुतेक वेळा एक चुकीचा अंदाज असतो, तो शोधला. कस्टमर टेबलच्या पायरीवर अंदाज होता ४०० रेकॉर्ड, खरं होतं १.

हे ४०० आलं कुठून? व्ह्यूमध्ये कस्टमर कोड तसाच्या तसा दिला नव्हता, ट्रिम (कडेच्या स्पेस काढणं) करून अप्पर (मोठी अक्षरं) केलेला दिला होता, कारण कधीकाळी कोणीतरी एक्सेलमधून घाण डेटा भरला होता. व्ह्यू उघडून मिसळल्यावर अट होते "अप्पर(ट्रिम(कोड)) = अमुक", आणि या अख्ख्या गणिताची आकडेवारी प्लॅनरकडे नसते, कोड कॉलमची असते. माहिती नसली की तो धरून चालतो की २०० वेगवेगळ्या किंमती असतील. ८० हजार भागिले २००, झाले ४००. आणि ४०० कस्टमरच्या प्रत्येकी ७५ म्हणजे ३० हजार ऑर्डरी, ६० लाखांत दर २०० ऑर्डरींमागे एक, म्हणजे २० सापडायला जेमतेम ४ हजार ऑर्डरी बघाव्या लागतील, असा त्याचा हिशोब. हिशोब चोख, आधार चुकीचा. प्लॅनरला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा त्याच्या जागी बसून असा आकडा मांडून बघावा, बहुतेक वेळा तो आपण दिलेल्या माहितीवर अगदी शहाण्यासारखा वागलेला असतो.

इलाज एका ओळीचा, अप्पर(ट्रिम(कोड)) वर एक्स्प्रेशन इंडेक्स (कॉलमऐवजी गणितावरचा), आणि त्यानंतर अ‍ॅनालाइझ. अ‍ॅनालाइझ विसरू नका, कारण एक्स्प्रेशन इंडेक्सचा अर्धा फायदा शोधण्याचा आणि अर्धा फायदा असा की त्या गणिताची आकडेवारीही मग गोळा होते, आणि ती अ‍ॅनालाइझ चालल्यावरच येते. (१४ पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्सने इंडेक्स न करताही एक्स्प्रेशनची आकडेवारी ठेवता येते, आम्हाला इंडेक्सही हवाच होता.) अंदाज ४०० वरून १ वर आला, आणि कुठलाही स्विच न लावता प्लॅनर स्वतःहून कस्टमर, मग त्याच्या ऑर्डरी, मग लॅटरल या वाटेने गेला. जुना कस्टमर असो की नवा, ८ ते २० मिलीसेकंद.

सोमवारी डिप्लॉय केलं. मंगळवारी सकाळी रात्रीचा रिपोर्ट बंद पडलेला.

हा रिपोर्ट त्याच व्ह्यूवर चालतो हे मला माहीत नव्हतं, कोणालाच आठवत नव्हतं. तो सगळ्याच ऑर्डरी घेतो, आधी त्याला तीनेक मिनिटं लागायची, आता पंचवीस मिनिटांवर जाऊन टाइमआउट. कारण उघड आहे, लॅटरलमध्ये लिमिट १ लिहून आपण प्लॅनरला नेस्टेड लूपशिवाय (प्रत्येक ओळीसाठी आत एक फेरी) दुसरा पर्यायच ठेवला नाही, ७५ ऑर्डरींना ते सोन्यासारखं आणि ६० लाखांना ते जाच. प्लॅन वाचताना एका सहकाऱ्याने त्या लॅटरलच्या पायरीकडे बोट दाखवून म्हटलं, इथे तर ०.२ मिलीसेकंदच लागलेत, दुखणं दुसरीकडे असणार. पण तो आकडा एका फेरीचा सरासरी असतो, शेजारी लूप्स ६० लाख लिहिलेलं होतं. गुणाकार करा, १२ लाख मिलीसेकंद, म्हणजे २० मिनिटं तिथेच.

म्हणजे पहिल्या दिवशी ज्याला मी वाईट म्हणत होतो तो ग्रुप बायवाला व्ह्यू रिपोर्टसाठी एकदम योग्य होता. सगळंच वाचायचं असेल तर एकदा वाचून हॅश करणं हेच स्वस्त. मग दोन व्ह्यू केले, एक पानासाठी, एक रिपोर्टसाठी, तेच कॉलम, वेगळं पोट. यावर बरीच खळखळ झाली, एकच व्याख्या दोन जागी कशाला, उद्या एकीकडे बदलेल आणि दुसरीकडे राहील. भीती खोटी नाही, म्हणून ती एक्सेप्टची वजाबाकी टेस्टमध्ये घातली, शंभर ऑर्डरींचा छोटा डेटा, दोन्ही व्ह्यू सारखेच यायला पाहिजेत. मटेरियलाइज्ड व्ह्यूचा (उत्तरच साठवून ठेवणाऱ्या व्ह्यूचा) विषयही निघाला, पण पानावर स्टेटस त्या क्षणाचं लागतं आणि मटेरियलाइज्ड व्ह्यू रिफ्रेश करेपर्यंत शिळाच, तेव्हा तो बाद.

रिपोर्टला हात लागलाच होता तर तिथेही दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे परतीच्या ऑर्डरींचा भाग, त्यात दोन अटी, ऑर्डरचा प्रकार "परत" आणि एक ठराविक कारण कोड. परतीच्या ऑर्डरी ४ टक्के, तो कोड १ टक्का, प्लॅनर दोन्ही स्वतंत्र धरून गुणाकार करतो, ०.०४ टक्के, म्हणजे २४०० ऑर्डरी. पण तो कोड परतीच्याच ऑर्डरींना असतो, खरा आकडा ६० हजार. २४०० समजून त्याने पुढे नेस्टेड लूप घेतला होता. क्रिएट स्टॅटिस्टिक्सने त्या दोन कॉलमची डिपेंडन्सी नोंदवली (ही सोय आवृत्ती १० पासून आहे आणि एकाच टेबलच्या कॉलमपुरती चालते), अ‍ॅनालाइझ केलं, हॅश जॉइन आला. नेस्टलूप बंदचा स्विच आधीच्या कोणीतरी त्या रिपोर्टच्या सुरुवातीला टाकून ठेवला होता आणि मग वैतागून कॉमेंट केला होता, तो इतिहास वाचून जरा हसू आलं.

दुसरी गोष्ट टेबलांच्या संख्येची. जॉइन कोलॅप्स लिमिट मुळात ८ असते, ११ टेबलं असली की प्लॅनर सगळ्यांचे क्रम एकत्र तपासत नाही, गट पाडतो आणि गटांच्या बाबतीत तुम्ही लिहिलेल्या क्रमानेच जातो. आमच्या व्ह्यूत मास्टर टेबलं आधी चिकटवलेली आणि कस्टमर शेवटून दुसरा! मर्यादा ११ करून बघितली, चाललं, १२ करणं टाळलं कारण १२ किंवा जास्त आयटम एकत्र आले की जेनेटिक शोध (सगळे क्रम न तपासता काहीच आजमावणारा) सुरू होतो आणि मग प्लॅन कसा येईल याची खात्री कमी. पण ग्लोबल सेटिंग बदलायला मन झालं नाही, ते फक्त रिपोर्टच्या युजरला आल्टर रोलने लावलं, वर्क मेम २५६ एमबीही त्यालाच, कारण वर्क मेम प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळी मिळते, सगळ्या कनेक्शनला वाटली तर सर्व्हर झोपेल. पानाच्या व्ह्यूमध्ये नुसता कस्टमर वर आणून लिहिला, तेवढ्याने भागलं.

आणि जाता जाता फुकटची कमाई. लेफ्ट जॉइन केलेल्या टेबलचा एकही कॉलम मागितला नसेल आणि जॉइनच्या कॉलमवर युनिक इंडेक्स असेल तर प्लॅनर तो जॉइन काढूनच टाकतो. आमचा ओआरएम (कोडमधून क्वेरी बनवणारी लायब्ररी) व्ह्यूचे सगळे कॉलम मागायचा, पान त्यातले नऊच दाखवायचं. कॉलमची यादी नेमकी दिली आणि चार टेबलं प्लॅनमधून गायब, व्ह्यूला हातही न लावता.

आता राहिलंय ते नावाने शोधणं. व्ह्यूमध्ये कस्टमरचं नाव म्हणजे नाव, मधलं नाव, आडनाव कोअलेसने (नल असेल तर रिकामं धरून) जोडून दिलंय, त्यावर मधूनच जुळणारं लाइक, त्याला अजून दोन सेकंद लागतात. ट्रायग्राम इंडेक्स (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा) टाकायचा तर एक्स्प्रेशन व्ह्यूतल्यासारखंच हुबेहूब असायला हवं, आणि ज्याने ते लिहिलंय त्याने कॉन्कॅट वापरलंय, जे पोस्टग्रेस इम्युटेबल (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारं) मानत नाही म्हणून इंडेक्समध्ये घेतच नाही. दोन उभ्या रेघांच्या ऑपरेटरने पुन्हा लिहावं लागेल, टेक्स्ट कॉलमना तो चालतो. डीबीए ताईंनी व्ह्यू उघडलाय, आणि मधलं नाव नल असलं की मध्ये दोन स्पेस येतात हे त्यांना आत्ताच दिसलंय.